लेकीच्या घरचं पाणी

हिंगोलीबाहेरच्या टेकडीवर कॉफीखाना होता असं मी सांगते, तेव्हा माणसं एकमेकांकडे बघून हसतात. "हिंगोलीत कॉफी? ती पण निजामाच्या राज्यात? म्हातारीला भास होतो." भास कसला, डोंबलाचा! त्या कॉफीखान्याच्या चुलीपुढे बसून मी स्वतः फुंकणी फुंकलीय, डोळ्यात धूर घेतलाय. टेकडी आजही जागच्या जागी आहे. वरचा बुरूज ढासळलाय, एवढंच.

बुरूज पलटणीच्या वेळचा. हिंगोलीत छावणी होती तेव्हा त्यावर पहारेकरी उभा राहायचा. साहेबलोक संध्याकाळी घोड्यावरून हवा खायला वर जायचे आणि त्यांच्यासाठी बुरजाच्या आडोशाला पत्रे टाकून पलटणीतला एक मद्राशी स्वयंपाकी कॉफी करायचा. पुढे पलटण उठून गेली, साहेब गेले, स्वयंपाकीही देवाघरी गेला. त्याची बायको मात्र राहिली. नवऱ्याची चूल तिनं विझू दिली नाही. कचेरीतले कारकून, स्टेशनातले बाबू, एखादा वकील, अशी माणसं तिच्याकडे वर जायची. मी पाहिली तेव्हा ती पार वाकली होती, पण आवाज असा की खाली छावणीपर्यंत ऐकू जावा. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत तो कॉफीखाना बंद पडला. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाचं. साखर मिळायची मारामार, म्हणून म्हातारी कॉफीत गूळ घालायची. दूध नासू नये म्हणून गूळ शेवटी, कॉफी खाली उतरवल्यावर. हे तिनं मला शिकवलेलं पहिलं वाक्य.

आता मूळ गोष्ट सांगते. मी नरसीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन हिंगोलीत आले. आमचे मालक जिनिंगमध्ये कापूस तोलायला होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. माझी आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते बाबांनी. वेणीसुद्धा तेच घालायचे, बैलाच्या दाव्याला पीळ घालावा तशी घट्ट. डोळे वर ओढले जायचे. दर बाजाराच्या दिवशी गाडीनं हिंगोलीला यायचे, माल विकायचे आणि मग आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. धोतराच्या सोग्यात कधी शेंगा, कधी हुरडा, कधी नुसत्या चिंचा. द्यायचे सगळं. घ्यायचे काही नाही.

कारण आमच्याकडे रीत अशी, की लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नाचा घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. लेक दान दिली, आता त्या दानातलं परत खायचं कसं? नात-नातू झाला की सगळं मोकळं. मग बापानं खुशाल पाटावर बसावं, पुरणपोळी हाणावी. बाबा माळकरी, रीतीला पक्के. तहान लागली की माझ्या दारातून उठून बाजारातल्या आडावर जायचे, तिथं पोटभर पाणी प्यायचे आणि परत माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. त्यांची ओली मिशी बघून मला रडू यायचं. माझा माठ आत भरलेला, आणि माझा बाप परक्या पोहऱ्यातून पिऊन आलाय!

लग्नाला वर्षं होत चालली होती आणि माझी कूस उजवत नव्हती. सासूबाईंना नातू हवा होता, मालकांना काय हवं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, बोलायचे कमी. आणि मला? मला लेकरू हवं होतं ते बाबांना पाणी देता यावं म्हणून. हे मी कुणाला बोलले असते तर शेण घातलं असतं लोकांनी तोंडात. पण खरं ते खरं. औंढ्याला नवस बोलले तोही असाच बोलले, "देवा, बाप म्हातारा होऊन राहिला. त्याला एकदा माझ्या घरचं पाणी पिऊ दे."

एका उन्हाळ्यात बाबा ओट्यावर बसल्याबसल्या भोवळ येऊन कलंडले. सासूबाई आतून धावत आल्या, तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं काय केलं, तर ओठ घट्ट मिटून घेतले.

"मिटा, मिटा," सासूबाई कडाडल्या. "तोंडावर मारलेलं पानी काही पेलेलं नसतंय, इवाई. तुमचा धरम न्हाई बुडाला. पन आमच्या दारात जीव गेला असता तं ते पाप कोनाच्या माथी?"

"ईनबाई, रीत हाय."

"रीतीला काय चाटायचंय?"

सासूबाईंचं तोंड असं होतं. या व्याही-विहिणींचं कशावरूनही जुंपायचं. ज्वारी तुमच्याकडची चांगली की आमच्याकडची, पाऊस तिकडे जास्त की इकडे. हरणं दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री जेवताना मालक एकदम म्हणाले, "टेकडीवरचा कॉफीखाना काही आपल्या घरचा न्हाई."

आम्ही दोघी बघतच राहिलो. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. टेकडी सरकारची, चूल म्हातारीची. तिथं बाबांनी स्वतःच्या कनवटीचं दिलं की ते लेकीचं खाल्लं असं कोण म्हणेल? बसून दोन घोट तर घेतील. सुनेनं टेकडीवर कॉफी प्यायला जायचं, हे त्या काळात सोपं नव्हतं. शेजारणीनं कान टवकारलेच. सासूबाईंनी तिला ओट्यावरूनच ऐकवलं, "बापासंग चालली, जगासंग न्हाई!"

पुढच्या बाजाराला दुपार कलल्यावर आम्ही बापलेक निघालो. मी डोक्यावरून पदर घेऊन मागे, बाबा पुढे काठी टेकत. छावणीतले ओसाड बंगले मागे टाकले आणि चढ लागला. मधे मधे बाबा थांबायचे. दम लागलाय म्हणून नाही हं, "झाडं पाहून राहिलो" म्हणून. टेकडीवर झाड नावाला एक नव्हतं.

वर पोचलो आणि मी तोंडावर हात ठेवला. मी या गावात नांदते, पण मला ठाऊक काय होतं? घर, आड, देऊळ आणि बाजार. इथून सगळं गाव खाली एका सुपात पाखडून ठेवल्यासारखं दिसत होतं. कयाधू नदीची वाकडी धार, जिनिंगचं धुराडं, मशिदीचे मिनार, कडुलिंबांत बुडालेली छावणी आणि स्टेशनातून निघालेली गाडी. ती पूर्णा जंक्शनकडे निघाली होती, तिचा धूर मात्र मागे गावावरच रेंगाळत होता.

"आओ, बेटी! बाप को लाई क्या?" म्हातारी आतून ओरडली. तिला दखनी तेवढी यायची, आणि आम्हाला मोडकीतोडकी. पण काही अडलं नाही. बाबा बाकड्याच्या टोकाला असे बसले, जणू कुणी उठवायला येणार आहे.

"ह्यात नशा-बिशा काही न्हाई ना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"न्हाई, बाबा. दुधातली हाय."

"दुधातलं चालतंय," ते म्हणाले आणि माळेला हात लावला.

म्हातारीनं आमच्याकडे निरखून बघितलं. मी तिला सगळं सांगून टाकलं. माझी आई नाही, हे माझे वडील, माझ्या घरचं पाणी पीत नाहीत, मला अजून लेकरू नाही. ओळख ना पाळख, पण बोलले खरी. तिनं पदराला हात पुसले आणि फुंकणी माझ्या हातात दिली. "तो तू बना. मेरी चूल्ही, तेरा हाथ."

अहो, काय सांगू! त्या दिवशी मी हात भाजून घेतला, अर्धी कॉफी चुलीत सांडली. म्हातारीनं पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून कॉफी ओतायला शिकवलं. फेस आला की झाली. मी ती बाबांपुढे ठेवली. त्यांनीही तशीच ओतायला घेतली, अन् निम्मी धोतरावर! उरलेली वाटीनं भुरके मारत प्यायले. तोंड कडू केलं. मग वाटी उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा घेतला.

"कशी हाय?"

"जळक्या चिंचोक्यासारखी," म्हणाले. "आनखी हाय का?"

लग्न झाल्यापासून माझ्या हातचं काही त्यांच्या पोटात गेलं ते त्या दिवशी. मी बुरजाच्या मागे गेले आणि मनसोक्त रडले.

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. पावसाळ्यात चिखल व्हायचा, पेरणीच्या दिवसात बाबांना येणं जमायचं नाही, पण एरवी बाजाराचा दिवस म्हणजे टेकडी. म्हातारी आम्हाला बघितलं की चुलीपुढून उठायची आणि मी बसायची. कारकून मंडळी कुजबुजायची, मग त्यांनाही सवय झाली. एकदा तर एका वकिलानं मला आणखी एक पेला मागितला. म्हातारीनं त्याला सुनावलं, "ये नौकर नहीं, बेटी है."

कॉफी झाली की बाबा बुरजाच्या कठड्याशी उभे राहायचे आणि खाली एका घराकडे बघून हात जोडायचे. मी समजायची, देवळाला जोडतात. पुष्कळ दिवसांनी विचारलं, तर म्हणाले, "तुह्या घराला जोडतो. माही लेक संभाळून राहिलंय ते घर."

मला भरून आलं. "कोनतं घर, बाबा?"

"ते काय, चिंचेपासलं लाल कौलाचं."

मी नीट बघितलं आणि हसता हसता खालीच बसले. आमचं घर कितीतरी अलीकडे, त्यावर कौलं नाहीत, मातीचं धाब्याचं घर ते. बाबा इतके दिवस मनोभावे हात जोडत होते तो शिंदीचा गुत्ता होता!

"माळकऱ्यानं गुत्त्याला पाया पडायचं व्हय?" मी म्हटलं. बाबांचा चेहरा असा झाला की म्हातारीलाही हसू आवरेना. मग मी बोटानं आमचं खरं धाबं दाखवलं. वर सासूबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्या लाल दिसत होत्या. बाबांनी पुन्हा हात जोडले, या वेळी जरा घाईनं.

उतरताना ते म्हणाले, "ईनबाईला सांगू नको." मी घरी आल्या आल्या सांगितलं. सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

हसलो-खेळलो, पण मनातला काटा तिथंच होता. टेकडीवरची कॉफी म्हणजे घरचं पाणी नव्हे. बाबांचे गुडघे दुखायला लागले होते, मधे मधे जास्त वेळ "झाडं बघत" थांबायचे. एकदा निम्म्या चढावर ते म्हणाले, "पोरी, हे असं किती दिस चढायचं?" मी त्यांचा हात धरला आणि चढाला लागले.

आणि मग मला दिवस गेले.

बाबांना मी टेकडीवरच सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, कॉफीचा वास आला आणि मी तोंड दाबून पळाले. म्हातारीनं टाळी वाजवली. बाबा तिथल्या तिथं उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "आता चढू नको," म्हणाले. "आता टेकडी बंद. आता मी तुह्या घरचंच पानी पेनार." पुढे प्रत्येक बाजाराला ओट्यावर बसून आत डोकावून विचारायचे, "माठ धुतला का?" सासूबाई म्हणायच्या, "धुतला, धुतला! इवाई, तुमच्यापायी मला आता रांजन आनावा लागतो का काय!"

बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आई नाही, म्हणून सासरीच ठरलं. दिवस भरायच्या आधीच थंडीत मला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. उजाडताना आली आणि दिवे लागायच्या आत गेली. रडलीसुद्धा नाही नीट, नुसती कुरकुरली. मालक तिला धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. परत आले ते भिंतीकडे तोंड करून बसले.

आणि मग सगळं गप्प झालं. बारसं नाही, नाव नाही, दहावा नाही, बारावा नाही. एवढ्या लहानाचं काही करत नाहीत. बाया येऊन म्हणायच्या, "झालं ते झालं, इसर आता." शेजारीण म्हणाली, "झालंच न्हाई असं समज." सासूबाईंनी मला शेकलं, तेल लावलं, डिंकाचे लाडू खाऊ घातले, पण तिचं नाव, म्हणजे नाव कसलं, तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना वाटायचं बोललं तर मला त्रास होईल. मला न बोलण्याचाच त्रास व्हायचा. दूध आलं होतं. ते कुणासाठी आलं, हे तरी कुणीतरी म्हणावं ना! मी रात्रंदिवस तिची आठवण काढायची, आणि घरात जणू ती आलीच नव्हती.

बाबा यायचे, ओट्यावर बसायचे, जायचे. माठाचं विचारायचे नाहीत. पाणी प्यायला उठून त्याच आडावर जायचे. ते उठले की मी दाराआड तोंड फिरवायची. म्हटलं, संपलं. आता हा माणूस माझ्या घरचं पाणी पिण्याआधीच जाणार.

सव्वा महिना झाला. मी हिंडू-फिरू लागले. त्या बाजाराला बाबा ओट्यावर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "चल, टेकडीवर जाऊ."

सासूबाई म्हणाल्या, "अजून कच्ची हाय ती."

"हळूहळू नेतो, ईनबाई."

खरंच हळूहळू नेलं. या वेळी थांबायची पाळी माझी होती. ऊन तापायला लागलं होतं. म्हातारीनं मला बघितलं, जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मला चुलीपुढे बसू दिलं नाही. पण शेवटची ओताओत मीच केली, फेस आणला आणि पेला बाबांपुढे ठेवला.

बाबांनी हात लावला नाही.

खाली गावाकडे बघत बसले. फेस विरला. वर साय धरली. आजवर या बाकड्यावर त्यांनी माझ्या हातचं कधी नाकारलं नव्हतं. माझा हात अवलक्षणी झाला का आता? मला राग आला, खरंच राग आला.

"पेत काहून न्हाई?" मी जोरात बोलले. "इथं बी माह्या हातचं नको झालं का?"

"तहान लागली," बाबा म्हणाले.

"मंग प्या की!"

"ह्यानं भागत न्हाई. तुह्या घरचं पानी पेयाचं हाय."

मला वाटलं, म्हातारपणात यांना भ्रम झाला. मी त्यांचा हात धरला. "बाबा, असं काय करता? लेकरू झाल्याबिगर..."

"झालं की," ते म्हणाले. माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण आवाज बांधावर उभं राहून बोलावं तसा खणखणीत. "माह्या लेकीला लेकरू झालं. मला नात झाली. दिसभर होती. म्या न्हाई इसरलो. लोकं इसरून राहिले. सव्वा महिना व्हायची वाट पाहत होतो, तू उठायची. आता चल."

मी कशी रडले ते सांगत नाही. सव्वा महिन्यात जे आत कोंडलं होतं ते सगळं त्या बाकड्यावर गेलं. बाबा पाठीवर थोपटत राहिले. म्हातारीला शब्द किती कळले देव जाणे. तिनं पेला उचलला आणि म्हणाली, "जाओ, जाओ. ये मैं पी लूँगी."

आम्ही उतरलो. बाजारातून जाताना आड लागला. बाबा त्याच्याकडे न बघता पुढे गेले. आमच्या दाराशी आले, वहाणा काढल्या आणि ओट्यावर न बसता थेट आत येऊन सतरंजीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप माझ्या घराच्या आत बसला होता.

"पोरी, पानी आन," त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "इवाई? अवो, अजून आमच्याकडं..."

"लेकरू झालं का न्हाई माह्या लेकीला, ईनबाई?"

मी तांब्या घेऊन माठाकडे गेले तर सासूबाई मागून आल्या आणि माझ्या हातातून तांब्या ओढून घेतला. वाटलं, अडवतात. त्यांनी हात धुतले, तो लख्ख तांब्या पुन्हा राखेनं घासला, विसळला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात ठेवला.

"तूच दे," म्हणाल्या.

मी दिला. बाबांनी मान मागे टाकली आणि न थांबता सगळा तांब्या रिकामा केला. थोडं मिशीवरून छातीवर सांडलं. ते पुसलं नाही. तांब्या खाली ठेवला, श्वास घेतला आणि मला विचारलं, "कोनावर गेलती?"

सव्वा महिन्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"कपाळ तुमचं होतं, बाबा," मी म्हटलं. "मोठं, असं."

बाबांनी स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. मग दारातून सासूबाई भांडल्यासारख्या म्हणाल्या, "कपाळ तुमचं असंल, इवाई. पन नाक आमच्या घरचं होतं. म्या नीट पाह्यलं."